बारा-दहाचा डबा

३ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं तुझ्या डबे वाटणाऱ्या मंडळाच्या वार्षिक अहवालाची आणि अर्धं पान माझ्या मोडलेल्या खुब्याचं. खुब्याला एवढी जागा मिळाली यातच मी धन्य झाले. लहानपणी तू रडायला लागलास की तीन घरं पलीकडचे लोक खिडक्या लावून घ्यायचे, म्हणून तुझं नाव भोंगा पडलं. कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालास, डोक्यावरचे केस गेले, पण आवाज काही बसला नाही. आता तो कागदावरही ऐकू येतो.

खुबा जुळला आहे. वॉकर धरून मी खोलीतून स्वयंपाकघरात जाते आणि स्वयंपाकघरातून दारापर्यंत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे आता खाली उतरायचं ते एकदाच. शेगडीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की पाय थरथरायला लागतो. हॉस्पिटलातून सोडताना तिथल्या बाईंनी मला न विचारताच इथल्या भोजन साहाय्य समितीत माझं नाव घातलं. एकतीस वर्षं परिचारिकांच्या वसतिगृहाची खानावळ चालवली मी, पंच्याऐंशी पोरींच्या पानात बाराच्या ठोक्याला गरम भात पडायचा, आणि आता मला डबा येतो. तुझ्या भाषेत मी लाभार्थी झाले आहे. हा शब्द कोणी काढला त्याला एकदा माझ्यासमोर बसवून हा लाभ चमच्याने भरवला पाहिजे.

आधी अकरा पानी अर्ज. एका दमात किती पावलं चालता, जिना कोणत्या हाताला आहे, आणि शेवटच्या पानावर, आपल्याला एकटं वाटतं का: कधीकधी, बहुधा की नेहमी? मी लिहिलं, अर्ज भरून घेणारी माणसं येऊन गेली की. डब्याला तीन कप्पे. एकात भात, तो चमचा लावला की अख्खा उचलला जातो. दुसऱ्यात डाळ म्हणून जे पाणी असतं त्यात डाळीचा दाणा सापडला तर सगळ्यांना सांगावंसं वाटतं. तिसऱ्यात बटाटा, बुधवारी गाजर. गाडीवर मात्र बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसणारी म्हातारी रंगवली आहे. हे जेवण ती जेवलेली दिसत नाही.

ते सगळं गिळेन, मला काही राजवाड्यातलं जेवण नको आहे. पण वेळ? छापील वेळापत्रक देतात, त्यावर माझी नि समोरच्यांची वेळ सव्वाबारा. डबा येतो कधी पावणेदोनला, कधी दोनला, परवा दोन वीसला. मला काय, मी दात-ओठ खात बसते. समोर कंडक्टर राहतात, त्यांचं तसं नाही. छत्तीस वर्षं बसवर होते, आता हात कापतात, एकदा शेगडी चालू राहिली म्हणून ती घरमालकाने काढून नेली. एका डब्यात दुपार आणि रात्र दोन्ही भागवतात, उरत काही नाही. आणि बरोबर बारा वाजता इन्सुलिनची सुई घेतात. सुई घेऊन दोन तास उपाशी बसणं म्हणजे काय, हे परिचारिकांमध्ये जन्म काढलेल्या मला कोणी सांगायला नको. एखाद्या दिवशी त्यांची साखर एवढी उतरेल की ते खुर्चीतून उठणारच नाहीत. दार उघडं टाकून ते उंबऱ्यापाशी खुर्चीत बसतात, मांडीवर घड्याळ. मीही माझं दार उघडं ठेवते आणि वॉकर जवळ.

तू या डब्यांच्या धंद्यातला मोठा माणूस ना? मग सांग, भात दहाला शिजतो असं कळलं, तो दोनपर्यंत कुठे फिरायला जातो? लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचा की नाही ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उडालोच. तुला डबा येतो हे समजल्यावर आधी डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एक गोष्ट लक्षात येऊन छाती भरून आली. तुझ्या गावची समिती माझ्याच कार्यपुस्तिकेवर चालते! मागे तुला लिहिलं होतं, तू बहुतेक वाचलं नसशील. सत्तावीस नियमांची ती पुस्तिका मी निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून लिहिली. आजवर अकरा गावांनी ती उचलली आहे, तुझं गाव नववं. तिथले अध्यक्ष मला मार्गदर्शक म्हणतात आणि दर महिन्याला फोन करतात. म्हणजे बघ ताई, इतक्या लांबून मीच तुला जेवू घालतो आहे म्हणायचं. तुझी भावजय म्हणाली की हे तुला असं लिहू नये, पण मला राहवलं नाही.

डाळीच्या पातळपणाबद्दल नोंद घेतली. अर्जातला एकटेपणाचा प्रश्न माझा नाही, तो त्यांनी जोडला. उशिराबद्दल म्हणशील तर तो अंमलबजावणीचा दोष आहे, नियमांचा नव्हे. त्यासाठी नमुना ख आहे. तो तीन प्रतींत भरून डबा देणाऱ्या बाईंकडे दे, एकवीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. कंडक्टरांनाही भरायला सांग. आमच्याकडे रोजचे डबे एकशे दहावर गेले आणि स्थानिक वर्तमानपत्राने आतल्या पानावर का होईना, पण बातमी दिली. कात्रण सोबत आहे, डावीकडून तिसरा मी.

पायाला शेक देत जा. माया आहेच, ती पत्रातल्या टोमण्यांनी कमी व्हायची नाही.

तुझा धाकटा


१९ मार्च

चि. भोंग्यास,
आशीर्वाद हात आखडून. वि. वि.

कात्रण पाहिलं. डावीकडून तिसऱ्याने पोट आत ओढलं आहे.

आता मी तुला सांगते भात कुठे फिरायला जातो. डबा आणणारी बाई पिवळं जाकीट घालते, मी तिला पिवळी म्हणते. तीन जिने चढून आली की दोन मिनिटं कठडा धरून उभी राहते. काल तिला माझ्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं. तिने पिशवीतून तुझी कार्यपुस्तिका काढून माझ्या हातात ठेवली. उघडली तर आत तू, कोट घालून. मी तिला सांगितलं नाही की हा माझा भाऊ. लाज वाटली.

नियम चौदावा. दिवसाचा पहिला डबा त्या दिवसाच्या दात्याच्या हस्ते गाडीत ठेवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यानंतरच गाडी सोडावी. पिवळी म्हणाली की डबे अकराला भरून तयार असतात. मग सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि दात्याची वाट बघायची. दाता कधी बाराला येतो, कधी एकला. कधी बायकोला आणायला परत जातो, कधी फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा काढायला लावतो. मागच्या सोमवारी एकाने आधी भाषण केलं, विषय होता वेळेचं महत्त्व. जगात म्हणतात आधी पोटोबा. तुमच्याकडे आधी फोटोबा.

शाब्बास रे माझ्या वाघा. मी म्हणत होते हे कोणत्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल. ते डोकं मी स्वतः तेल लावून चोळलं आहे, तेव्हाच जरा जोरात चोळायला हवं होतं.

चेष्टा पुरे. कंडक्टर परवा दीड वाजता घामाने भिजले होते आणि मला माझ्या नावाऐवजी कुठल्यातरी स्टॉपच्या नावाने हाक मारत होते. मी बिस्किटं घेऊन गेले, त्यांनी हात जोडून परत केली. मी त्यांच्याच यादीतली, माझ्यातलं ते घेणार नाहीत. कुणाचं उपकाराचं त्यांना चालत नाही. ड्यूटीवर असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला तिकीट काढायला लावलं होतं, तो अजून बोलत नाही. समितीचा डबा त्यांना चालतो, कारण त्याला वेळापत्रक आहे, क्रमांक आहे. ते त्याला दान समजत नाहीत, सेवा समजतात, बससारखी. म्हणून तुझ्याकडे एकच मागते. तो चौदावा नियम खोड. एक ओळ आहे, पेनाला फार शाई लागणार नाही.

लोभाचं उत्तर तुझ्या उत्तरावर.

ताई


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू खूप बोललीस, मोठी आहेस, बोलू शकतेस. पण एकदा माझीही बाजू ऐक.

चौदावा नियम नव्हता तेव्हा आमचे डबे रोज एकोणीस होते. त्यातही दोनदा स्वयंपाकघर बंद ठेवावं लागलं. मी घरोघर गेलो, माझ्या कार्यालयातले जे लोक पूर्वी माझी सही मिळावी म्हणून दारात उभे राहायचे, त्यांनी आतूनच नाही म्हणून कळवलं. मग हा नियम केला. सहा महिन्यांत दात्यांना नंबर लावावा लागायला लागला. लोक फोटोसाठी देतात हे मला कळत नाही असं तुला वाटतं का? कळतं. पण फोटोसाठी दिलेला भातही शिजतोच. तू पंच्याऐंशी मुलींना बाराच्या ठोक्याला जेवू घातलंस हे खरं, पण तुझं कोठार वसतिगृहाने भरून दिलेलं होतं. माझं कोण भरून देतं? एक ओळ खोडायची तर त्या ओळीवर जेवणारे नव्वद जण कुठे जातील, हे तूच सांग.

राहता राहिला कंडक्टरांचा प्रश्न. त्यांनी डबा हातात पडल्यावर सुई घ्यावी. एवढी साधी गोष्ट आहे, त्यासाठी अकरा गावांची व्यवस्था बदलायची गरज नाही. तू त्यांना नीट समजावून सांग. तुला समजावता येतं, फक्त आवाज चढवू नकोस.

नमुना ख भरलास का? राग धरू नकोस, आणि धरलास तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा


९ एप्रिल

चि. भोंग्यास,

तुझी साधी गोष्ट मी कंडक्टरांना समजावून सांगितली. आवाज न चढवता. ते शांतपणे उठले, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं तुमचं वेळापत्रक मला दाखवलं आणि म्हणाले की इथे सव्वाबारा छापलं आहे. छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी त्याची जबाबदारी घेतली आहे. गाडी उशिरा सुटते, पण म्हणून प्रवाशाने स्टॉपवर उशिरा यायचं नसतं. तो उशिरा आला आणि नेमकी त्या दिवशी गाडी वेळेवर आली तर चूक प्रवाशाची. छत्तीस वर्षं त्यांनी हेच लोकांना सुनावलं, आता स्वतःला कसं वगळणार? आम्ही दोघींनी, पिवळीने आणि मी, डोकं फोडून घेतलं. उपयोग शून्य. साऱ्या गावात तुमच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या मजल्यावर राहतो.

मंगळवारी एक वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या मांडीवरचं घड्याळ खाली पडलं. पडल्याचा आवाज मी ऐकला, उचलल्याचा ऐकला नाही. दोन दारांमध्ये आठ पावलं आहेत. ती मी कशी टाकली मला आठवत नाही, वॉकर माझ्या दारातच राहिला होता असं पिवळीने नंतर सांगितलं. ते खुर्चीत एका बाजूला कलले होते, डोळे उघडे, ओळख नाही. माझ्या मुठीत साखर होती, येताना डब्यात हात घातला असणार. ती ओली करून त्यांच्या गालाच्या आतून चोळत राहिले, हिरड्यांवर चोळत राहिले, आणि त्यांना शिव्या देत राहिले. तुलाही दिल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने आरडाओरडा ऐकून रुग्णवाहिका बोलावली. दोन वाजता पिवळी डबा घेऊन आली तेव्हा त्यांना जिन्यावरून खाली नेत होते. बटाटा होता.

जगले. आज सहावा दिवस, अजून हॉस्पिटलात आहेत. पिवळीकडून कळलं, चौथ्या दिवशी तुमचे अध्यक्ष तिथे गेले, सोबत डबा आणि फोटोवाला. त्या दिवशीचे दातेही आले होते. पलंगावरच्या माणसाच्या हाताला सलाईन, त्याच हातात डबा दिला. कंडक्टरांनी त्यांना फक्त विचारलं की आज किती वाजता निघालात. नियम चौदावा हॉस्पिटलातही पाळला गेला, हे मार्गदर्शकांना कळवावं म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं. बाराची सुई आणि त्यावर लगेच जेवण. सुई लांबवून चालणार नाही, त्यांची मूत्रपिंडं आधीच थकली आहेत, आणि असा झटका पुन्हा आला तर त्यांना आणायची तसदी घेऊ नका. उद्या ते घरी येतात. परवा पुन्हा बारा वाजणार.

तू नव्वद जण कुठे जातील म्हणून विचारलंस. ते मला ठाऊक नाही, मी खानावळवाली. एक्क्याण्णवावा कुठे चालला आहे ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या पुस्तिकेत त्याच्यासाठी नमुना नाही. तुला माझा भाऊ म्हणायची आज इच्छा नाही. उद्या होईल की नाही, सांगत नाही.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात दुसऱ्या परिच्छेदापासून मी स्वतःची बाजू मांडायला लागलो होतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि ती शेजारच्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा बोलावली आणि चौदावा नियम रद्द करावा असा ठराव मीच मांडला. माझ्या बाजूने मी आणि स्वयंपाकघरातल्या बाई. विरोधात नऊ. ज्यांना मी तो नियम हाताला धरून शिकवला, त्यांनीच माझी वाक्यं मला परत ऐकवली, स्वल्पविरामासकट. मी किती चांगलं लिहितो, हे पहिल्यांदा ऐकून वाईट वाटलं.

मग तुझ्या गावच्या अध्यक्षांना फोन केला. गाडी आधी सोडा, फोटो मागून काढा, म्हणून गयावया केली. ते म्हणाले की दाते नाराज होतील, वार्षिक सभेपर्यंत काही करता येणार नाही. कंडक्टरांचं सांगितलं, तर एकासाठी अपवाद केला की सगळेच मागतात, आणि हे तुम्हीच विसाव्या नियमात लिहिलं आहे, म्हणाले. ते खरंच मी लिहिलं आहे. तेव्हा माझा तोल गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की समोरच्या दारात माझी सख्खी बहीण राहते. ताई, पलीकडचा आवाज एकदम बदलला. आधी का नाही सांगितलंत, असं तीनदा म्हणाले. तुझा डबा स्वतःच्या मोटारीने अकरालाच रवाना करतील म्हणाले, तुम्ही आमचे मार्गदर्शक आहात तोपर्यंत बहिणींची काळजी करू नका. कंडक्टरांचा डबा त्याच मोटारीतून द्या, म्हणून मी दोनदा म्हटलं. ते हसले आणि म्हणाले की घरच्या माणसांची गोष्ट वेगळी. आणि मी त्यावर काय म्हटलं माहीत आहे? बरं म्हटलं. आभारही मानले. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली.

तू मला काहीही म्हण, आता मी वाद घालणार नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे, चिटणीसपदाचा आणि मार्गदर्शकपदाचाही. पुस्तिकेतून माझा फोटो काढायला सांगणार आहे. रविवारी टपालात टाकतो. निदान माझ्या नावावर तरी हे चालू नये. एवढं केल्यावर तू मला पुन्हा भोंगा म्हणशील का?

तुझा धाकटा


२० एप्रिल

चि. भोंग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र पिवळीच्या हाती देते आहे, ती आजच्या टपालात टाकेल. तू आधी हे वाच, मग टपालपेटीकडे जा.

तुझ्या वशिल्याची मोटार आली. बारा वाजता ती गल्लीत उभी राहते आणि बारा वाजून दहा मिनिटांनी पिवळी माझ्या दारात. तिला त्याच मोटारीत पुढे बसवून आणतात. वर्षानुवर्षं उभ्याने गाडीत लोंबकळत आलेली बाई, तिला आता पट्टा लावून बसावं लागतं. पहिल्या दिवशी डब्यावरच्या चिठ्ठीवर माझा क्रमांक अडतीस नव्हताच, लाल शाईने लिहिलं होतं, मा. मार्गदर्शकांच्या भगिनी. डाळीत डाळ होती. भाताला शीत होतं. तुझ्या बहिणीला जेवण मिळावं म्हणून त्यांना स्वयंपाक येतो, हे त्या दिवशी कळलं. आधी वाटलं, डबा उचलून खिडकीतून त्या मोटारीच्या टपावर टाकावा. एकतीस वर्षांत मी वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या पानातही वाटीभर जास्त वाढलं नव्हतं.

मग समोर बघितलं. कंडक्टरांनी सुई घेतली होती आणि घड्याळ घेऊन बसले होते. हॉस्पिटलाने औषध म्हणून दिलेल्या ग्लुकोजच्या पुड्यांवर आठवडा निघाला होता, त्या आदल्या दिवशी संपल्या.

मी लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली. पिवळीला म्हटलं, मला सदतीस लिहून दे. सदतीस त्यांचा क्रमांक. तिने माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि पेन काढलं. आठ पावलं मी वॉकरने गेले आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चिठ्ठी तपासली, घड्याळ बघितलं आणि जेवायला लागले. दोन वाजता गाडीने त्यांचा डबा आला, त्यावर अडतीस चिकटवून पिवळीने तो मला दिला. मी नेहमीचा बटाटा खाल्ला. आज तिसरा दिवस. साखर कशी आहे म्हणून खालची शिंपीण त्यांच्या बोटाला यंत्र लावून बघते, आकडे ठीक आहेत.

त्यांना मी सांगितलं की समितीने आता विषम क्रमांक आधी आणि सम क्रमांक नंतर असं केलं आहे. हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी वेळापत्रकावर लाल पेन्सिलीने स्वतःची वेळ बारा-दहा करून खाली सही केली. आणि ऐक पुढची गंमत. मागच्या महिन्यात तू सांगितलेला तो नमुना ख त्यांनी तीन प्रतींत भरून दिला होता. त्यांची पक्की समजूत आहे की त्यांच्या तक्रारीमुळे सेवा सुधारली. परवा जेवता जेवता मला म्हणाले की लेखी दिलं की होतं, लोक उगाच वशिले शोधत बसतात. मी मान डोलावली. माझा डबा अजून दोनला येतो याचं त्यांना वाईट वाटतं. माझ्यासाठीही एक नमुना भरून द्यायला तयार आहेत, फक्त हात कापतो म्हणून अक्षर मी काढायचं.

त्यांना खरं कळलं तर त्याच क्षणी ते डबा खाली ठेवतील. पुन्हा उचलणार नाहीत. मी त्यांना ओळखते.

आता तुझा राजीनामा. तो तू रविवारी टाकायचा म्हणतोस, म्हणजे तुझं मन स्वच्छ होईल. बुधवारी अध्यक्षांना कळेल की तू कुणीच राहिला नाहीस. गुरुवारी मोटार येणार नाही, आणि गुरुवारी बारा वाजता ते सुई घेतील. तेव्हा तुझं मन जरा मळकंच राहू दे. मला तुझा राग आहे, तुझ्या मंडळाची, त्या अध्यक्षाची, लाल शाईची, तुझ्या सत्तावीस नियमांची किळस आहे, आणि ती या पत्राने कणभरही कमी झालेली नाही. माझ्या हाताने मी रोज वशिल्याचा डबा त्या माणसाला भरवते आहे, माझीही मला येते. ती मी गिळते. तू पण गिळ.

काल अध्यक्ष स्वतः वर आले होते. धापा टाकत स्टुलावर बसले. वार्षिक सभेला तू प्रमुख पाहुणा म्हणून यायचंस, आणि मार्गदर्शक आपल्या बहिणीला डबा देताहेत असा आपला दोघांचा फोटो पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापायचा, असं त्यांच्या मनात आहे. मला चौघं खुर्चीतून खाली उतरवतील म्हणाले. मी हो म्हटलं. तूही हो म्हण. कोट इस्त्री करून आण. फोटोवाला हसा म्हणेल तेव्हा दोघांनीही हसायचं आहे, आणि बिघडला तर पुन्हा काढू द्यायचा.

राजीनामा फाड. चुलीत घाल, नुसता टोपलीत टाकू नकोस.

भावजयीला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, पण तू त्या खुर्चीवरून हलू नयेस एवढी कळकळ मात्र आहे.

तुझी,
ताई